३१ आणि ५६ : वयातल्या अंतराला हरकत घेण्याचा अधिकार कोणाचा?

मांडणी (शहापूर, बेळगाव)
माझी मावसबहीण ३१ वर्षांची आहे, उद्यमबागेतील एका कारखान्यात हिशेब सांभाळते आणि स्वतःच्या पगारावर भाड्याच्या खोलीत राहते. ओळखीचे ५६ वर्षांचे एक विधुर गृहस्थ एका रात्री तिच्याकडे राहिले. दोघांच्या इच्छेने शरीरसंबंध आला. लग्नाचे वचन कोणी दिले नाही आणि कोणी मागितलेही नाही. (हे येथे लिहिण्यास तिची संमती आहे.) चार दिवसांत घरमालकांनी तिला खोली रिकामी करण्यास सांगितले आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘बापाच्या वयाचा माणूस?’ याच वडीलधाऱ्यांनी माझ्या आत्याला, ती पदवीधर झाल्यावर, २० वर्षांनी मोठ्या बिजवराला दिले होते आणि तेव्हा ‘नोकरी पक्की आहे’ एवढ्यावर सर्वांचे समाधान झाले होते. अंतर त्यांनी ठरवले तर ते स्थळ आणि तिने ठरवले तर ती बदनामी, हे मला मान्य नाही.

खानापूरहून, निवृत्त शिक्षिका
आपला राग समजतो, पण वय हा नुसता आकडा नसतो. ५६ वर्षांच्या माणसाजवळ अनुभव, पैसा आणि गावातली पत असते, त्यामुळे समोरचीचे मन कसे वळवावे हे त्याला ठाऊक असते. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले आणि जरठ-कुमारी विवाहाची मराठी माणसाला लाज वाटू लागली. ती लाज इतक्या सहजपणे सोडून देऊ नये.

चिकोडीहून, वकील
बाई, शारदेला कोणी विचारलेच नव्हते. बापाने पैशासाठी तिचा सौदा केला होता. येथे ३१ वर्षांच्या कमावत्या स्त्रीने स्वतः निर्णय घेतला आहे. १८ वर्षे पूर्ण झालेल्या दोघांच्या वयात किती अंतर असावे, याविषयी कायदा काहीही म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ६९ फसवणुकीविषयी आहे : लग्नाचे खोटे वचन, नोकरीचे किंवा बढतीचे आमिष, ओळख लपवून केलेले लग्न. यांपैकी येथे काहीच नाही.

निपाणीहून
वकीलसाहेब, कायदा जेथे संपतो तेथून माझे म्हणणे सुरू होते. मी २३ वर्षांची असताना ४९ वर्षांच्या माणसाशी माझा संबंध होता आणि मी त्याच्याच दुकानात कामाला होते. त्याने जबरदस्ती केली नाही. मी ‘हो’ म्हटले होते. पण पगार त्याच्या हातून येत होता आणि धाकट्या भावाची फीदेखील त्यानेच भरली होती, त्यामुळे ‘नको’ म्हणावेसे वाटे तेव्हा आधी ती फी आठवे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या बायकांविषयीही गावातले प्रतिष्ठित ‘तिच्या खुशीने’ असेच म्हणत आणि ती प्रथा मोडण्यासाठी कर्नाटकाला १९८२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. म्हणून मी वय विचारत नाही. आपली बहीण त्या गृहस्थांचे काही देणे लागते का, एवढेच सांगा.

धागाकर्ती
अक्का, तुमचा प्रश्न वाचून मी तिला फोन केला. खोलीच्या अनामत रकमेपैकी १५,००० रुपये त्यांनी दिले होते. ती दरमहा २,००० फेडते आणि ७,००० बाकी आहेत. हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी इतक्या ठामपणे लिहिले नसते. त्या रात्रीचा आणि पैशांचा काही संबंध नाही, असे ती म्हणते. माझा तिच्यावर विश्वास आहे.

खानापूरहून, निवृत्त शिक्षिका
मला हेच म्हणायचे होते.

निपाणीहून
नाही, शिक्षिकाबाई, तुम्ही वयाविषयी बोलत होता. तो गृहस्थ ३३ वर्षांचा असता तरी ते ७,००० तेवढेच जड झाले असते आणि तेव्हा आपल्यापैकी कोणी चौकशीही केली नसती. आधी पैसे चुकते होऊ देत, मग त्यांनी पुन्हा यावे की नाही हे तिचे तिला ठरवू द्या.

धागाकर्ती
उरलेली रक्कम मी या आठवड्यात तिला देते. मला ती सवडीने परत करील. अनगोळमध्ये दोन खोल्या पाहिल्या आहेत. एका घरमालकाने पहिलाच प्रश्न विचारला की भेटायला कोण कोण येणार. दुसऱ्या ठिकाणी उद्या जाणार आहोत.