बाबांना नळी नको म्हणालो. चौदा महिने झाले, मन शांत नाही. ते व्हायलाच हवं का?

मिरजकर

मागच्या वर्षी श्रावणात बाबा गेले. वय ८१. रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतरची दहा-बारा वर्षं बरी गेली, मग फुफ्फुसं थकली. सीओपीडी, फुफ्फुसांचा जुनाट आजार. शेवटची तीन वर्षं घरात ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असायचं. आता ते मशीन नाही तर आईला झोप लागत नाही.

शेवटच्या खेपेला दाखल केलं तेव्हा नाकातोंडावर घट्ट मास्क लावून श्वास देत होते. तिसऱ्या रात्री साडेतीनला ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "मास्कवर भागत नाहीये, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय. नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यायचं का? घेतलं तर पुन्हा निघतील याची खात्री देत नाही. दहा मिनिटांत सांगा."

बाबा आधी दोनतीनदा म्हणाले होते, "मला त्या नळ्यांत अडकवू नका रे." मी 'नको' म्हणालो. फॉर्मवर सही केली. आत गेलो तर बाबांनी माझं मनगट धरलं. अर्धवट गुंगीत होते, पण पकड घट्ट होती, घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला. डोळे माझ्याकडे. सकाळी सात वीसला गेले.

ती पकड म्हणजे 'बरं केलंस' होती की 'वाचव' होती, हे मला कधीच कळणार नाही.

दहाव्याला कृष्णा घाटावर पाऊण तास कावळा पिंडाला शिवला नाही. काका म्हणाले, काहीतरी मनात राहिलंय त्यांच्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी काहीच कबूल करू शकलो नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा शिववला. परवाच्या पितृपक्षात हे सगळं पुन्हा वर आलं, म्हणून हा धागा.

लोक म्हणतात, निर्णय बरोबर असला की मन आपोआप शांत होतं. मला हे पटत नाही. माझा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, आणि मन शांत नाही. मग वाटतं, शांती हा काही बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. ती नसली तरी माणूस निर्णयासोबत नीट जगू शकतो. ती मिळावी म्हणून धडपडायचंच कशाला? तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट लिहा. माझं मन राखू नका.

ज्येष्ठमध

मन राखत नाही, पण तुमचं चुकतंय असं वाटतं. अशांती धरून ठेवण्यातही एक प्रकारचं 'मी' असतं. मी ठरवलं, मी सही केली, मी भोगतोय. बाबांचा आजार तुम्ही आणला नव्हता. ८१ वर्षांचं आयुष्य त्या दहा मिनिटांत मावत नाही. माझे यजमान गेले तेव्हा मीही वर्षभर अशीच होते. मग एक दिवस सुनेने विचारलं, "आई, तुम्ही आमच्यात परत कधी येणार?" तेव्हा लक्षात आलं की माझं दुःख त्या पोरांना सोसावं लागतंय. शांत होणं ही घरातल्या जिवंत माणसांसाठीची जबाबदारी आहे. तुमच्या घरात कोण कोण आहे?

पैलतीर

स्पष्ट लिहा म्हणालात म्हणून लिहितो. तुम्ही चुकलात.

मी सतरा वर्षं टोरांटोजवळ राहतो. माझ्या वडिलांच्या वेळी हाच निर्णय माझ्या मोठ्या भावाने घेतला. मला फोन आला तो सगळं झाल्यावर. "तुला कशाला ताप द्यायचा, तू तिकडे लांब," असं म्हणाला. इथून निघालं तरी दीड-दोन दिवस लागतात. व्हेंटिलेटरवर तेवढे दोन दिवस मिळाले असते तर मी वडिलांचा हात धरला असता. ते बरे झाले नसते, हे मला कळतं. पण 'निघतील याची खात्री नाही' याचा अर्थ 'निघणार नाहीत' असा होत नाही. तुम्ही एका शक्यतेवर दहा मिनिटांत फुली मारलीत.

तुमचं मन शांत नाही, कारण त्याला हे माहीत आहे. टोचणी लागते तेव्हा काहीतरी टोचत असतंच. तिला गोड नावं देऊ नका. आणि एक विचारतो, तुम्हाला भाऊ-बहीण आहे का? त्याला त्या दहा मिनिटांत फोन केला होता का?

मिरजकर

@पैलतीर, धाकटा भाऊ आहे, पुण्यात. फोन केला नाही. तो नळी घाला म्हणेल, हे मला माहीत होतं.

पैलतीर

झालं मग.

रात्रपाळी

मी सोळा वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. 'फुली मारली' हे वाचून राहवलं नाही.

नळी घालणं म्हणजे काय, हे बाहेर खुर्चीवर बसलेल्या नातेवाइकाला दिसत नाही. घशातून श्वासनळीत नळी जाते. पेशंट ती ओढून काढेल म्हणून गुंगीचं औषध चालू ठेवतो, कधी हात पलंगाला बांधावे लागतात. बोलता येत नाही. थुंकी ओढायला दर काही तासांनी आत बारीक नळी घालतो, तेव्हा बेशुद्ध माणसाचंही तोंड वेडंवाकडं होतं. दहा-बारा दिवसांत मशीन सुटलं नाही तर गळ्याला भोक पाडायचा प्रश्न येतो. न्यूमोनिया झालेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला हे सगळं सोसून घरी जाताना मी पाहिलंय, त्याला पेढे देऊन निरोपही दिलाय. व्हेंटिलेटर वाईट नाही. पण वर्षानुवर्षं झिजलेल्या फुफ्फुसांचं गणित वेगळं.

@मिरजकर, त्या पकडीबद्दल. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की पेशंट गोंधळतात, हाताला येईल ते धरतात. माझा हात किती जणांनी धरलाय, मोजदाद नाही. तुमच्या बाबांच्या मनात काय होतं, हे मी सांगू शकत नाही. पण त्या पकडीतून पूर्ण वाक्य वाचायला जाऊ नका. शुद्धीवर असताना ते जे बोलले, तेच त्यांचं वाक्य.

तरीही पैलतीर यांचा एक मुद्दा मला मान्य आहे. भावाला फोन करायला हवा होता.

उंबरठा

मी उलट केलं होतं. आईला २३ दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं. वय ७८, मोठा स्ट्रोक. रोज सकाळी वाटायचं आज डोळे उघडेल. डॉक्टर रोज म्हणायचे 'स्टेबल आहे'. त्या शब्दाने मला २३ दिवस धरून ठेवलं. दागिने मोडले त्याचं दुःख नाही. शेवटच्या आठवड्यात तिची बोटं इतकी सुजली होती की पाटल्या कापून काढल्या. त्या कापलेल्या पाटल्या माझ्या कपाटात आहेत. अजून सोनाराकडे नेल्या नाहीत.

पैलतीर, तुम्हाला हवे होते ते दोन दिवस मला तेवीस मिळाले. मीही शांत नाही.

चिंचेचा_पार

+१ उंबरठा.

माझेही असेच, वडील, ११ दिवस. जास्त लिहवत नाही.

तर्कसंगत

इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. स्वतःच्या शेवटाबद्दल ठरवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या शेवटाबद्दल ठरवणं वेगळं. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध सोडलं, १५ तारखेला ते गेले. तो निर्णय त्यांचा होता, भोवतालच्यांना फक्त तो मानायचा होता. अरुणा शानबाग यांचं तसं नव्हतं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात त्या परिचारिका होत्या; १९७३ च्या हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यावर ४२ वर्षं त्या तिथेच पडून होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांना जाऊ द्यावं अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली, तेव्हा सांभाळणाऱ्यांनी ठाम विरोध केला. मार्च २०११ मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली, आणि त्याच निकालाने अशा पेशंटचे उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा उघडली. याचिकाकर्तीला कळवळा होता, त्या परिचारिकांनाही होता. दोन्ही बाजूंनी प्रेमच होतं.

मिरजकर, तुमच्या बाबांनी तोंडी का होईना, ठरवून ठेवलं होतं. तुम्ही निरोप पोचवलात. निरोप्याने इतकं ओझं का वाहावं?

पैलतीर

निरोप 'दोनतीनदा म्हणाले होते' एवढाच आहे. आमचे वडीलही प्रत्येक आजारपणात 'आता मला न्या' म्हणायचे आणि बरे झाले की आमटीत मीठ कमी म्हणून भांडायचे. त्रासात असताना माणूस जे बोलतो त्याला इच्छापत्र म्हणायचं का?

तर्कसंगत

म्हणूनच कागद करावा. २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे आपण सांगू शकत नसू तेव्हा कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने कोण बोलणार, त्याचं नाव त्यात लिहायचं. पेशंट शुद्धीवर नसला तर आधी एक आणि मग दुसरं, अशी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं उपचार थांबवायचे का ते बघतात. २०२४ मध्ये गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं.

ज्येष्ठमध

कागदाने डॉक्टरांचा प्रश्न सुटेल, मनाचा नाही. मिरजकर, मी विचारलं होतं घरात कोण आहे. तुम्ही भावाबद्दल लिहिलंत. मशीन नाही म्हणून झोप न येणाऱ्या आईबद्दल पुढे काहीच नाही. त्या रात्री आईंना विचारलं होतं का? आणि नंतर या चौदा महिन्यांत एकदा तरी?

मिरजकर

नाही.

ज्येष्ठमध

मग आम्हाला काय विचारताय? त्यांना विचारा.

रात्रपाळी

ज्येष्ठमधताई, जरा दमाने. बायकोला 'आत्ता सांग, नळी घालू का' हे साडेतीन वाजता विचारणं सोपं नसतं. मुलं आईला वाचवायला बघतात. मी रोज बघते.

ज्येष्ठमध

आणि मी ती आई आहे, ताई. मला वाचवायच्या नादात मलाच बाजूला ठेवलं होतं. रागावले नव्हते, पण तुटल्यासारखं झालं होतं.

मिरजकर (पाच दिवसांनी)

काल दुपारी विचारलं. आई गवारीच्या शेंगा मोडत होती. मी सगळं सांगितलं: दहा मिनिटं, सही, मनगट. हात न थांबवता ऐकलं.

म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी घाला म्हणाले असते."

माझं काळीज खाली गेलं. बराच वेळ नुसता शेंगांचा आवाज. मग म्हणाली, "आणि मग मीच रोज त्यांच्या तोंडातली नळी बघत बसले असते. तू विचारलं नाहीस म्हणून मी सुटले. पण विचारायला हवं होतंस. पंचावन्न वर्षं मी होते त्यांच्याबरोबर."

तिने दोन्ही एका दमात सांगितलं. मी आधी कुठलं ऐकावं तेच कळेना.

कावळ्याचं विचारलं तर म्हणाली, "अरे, त्या दिवशी घाटावर तीन दहावे होते. शेजारच्यांनी पिंडाजवळ भजी ठेवली होती. कावळे तिकडे होते." चौदा महिने मी काय काय मनात घेऊन बसलो होतो.

पैलतीर, रात्री भावाला फोन केला. "तू काय म्हणशील हे मला माहीत होतं म्हणून फोन केला नाही," एवढं कबूल केलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मी निघालो असतो तर सातच्या आत पोचलो असतो." हे खरं आहे. पुणे-मिरज रात्री रस्ता मोकळा असतो. सात वीस आणि सातच्या आत, हा हिशेब आता दोघांकडे आहे.

ज्येष्ठमधताई, शांत वाटतंय का विचाराल तर नाही. पण रात्री आई एकटीच जागी असते असं मला वाटायचं, ते तसं नव्हतं. मीही जागाच असायचो, पलीकडच्या खोलीत. काल आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो, साडेतीनला चहा केला.

पैलतीर

तुम्ही त्याला फोन केलात हे चांगलं झालं. निर्णयाबद्दल माझं मत तेच आहे. माझा भाऊ मात्र हे कधी बोललेला नाही, आणि मीही त्याला कधी विचारलेलं नाही. तिकडे आत्ता सकाळ असेल.