नवऱ्याला 'वात' आणि 'वाट' एकच ऐकू येतं. मुलीचंही तसंच होईल का?

लीड्सकर
नमस्कार. माझा नवरा इंग्रज आहे आणि गेली दोन वर्षं मनापासून मराठी शिकतोय. परवा तिन्हीसांजेला दिवा लावताना मी म्हटलं, "ती वात दे रे." तो दाराकडे बघून म्हणाला, "कुठली वाट?" मग जेवणं झाल्यावर आम्ही वात-वाट, दात-दाट, पात-पाट अशा जोड्या घेऊन बसलो. मी तोंडावर हात धरून म्हणायचं आणि त्याने ओळखायचं. दहापैकी पाच बरोबर आले, म्हणजे नुसता अंदाज. हा माणूस व्हायोलिन वाजवतो. तार केसभर उतरली तरी त्याला कळतं. मग इतका ढळढळीत फरक कसा ऐकू येत नाही? आणि आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. घरात तिच्याशी मराठी बोलणारी मी एकटीच. तिचाही कान असाच होईल, या विचाराने झोप लागत नाही.

वाचाउपचार
कान उत्तम आहेत त्यांचे. इंग्रजी 'टी' म्हणताना जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला लागते. आपला 'त' त्याच्या पुढे, दातांवर, आणि 'ट' त्याच्या मागे, जीभ वळवून. त्यांच्या भाषेत या फरकाने शब्दाचा अर्थ कधी बदललाच नाही, म्हणून मेंदू दोन्ही आवाज एकाच खणात टाकतो.

नेमक्या याच जोडीवर जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात काम केलं, १९८४ साली छापून आलं. आवाज बदलला की बाळ मान वळवतं, कारण तिकडे खेळणं हलायला लागतं हे त्याला ठाऊक झालेलं असतं. इंग्रजी घरांतली ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतला त-ट फरक सहज ओळखत होती. १० ते १२ महिन्यांच्या वयात बहुतेकांना तो ओळखता येईना. हिंदी कानावर पडणाऱ्या बाळांचा मात्र शाबूत होता. तुमची लेक दुसऱ्या गटातली आहे, कारण ती रोज तुमचं ऐकते.

फक्त एक सांगते, टीव्हीवर विसंबू नका. पॅट्रिशिया कूल यांनी ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवलं. समोर बसून खेळणाऱ्या, गोष्टी वाचणाऱ्या माणसाकडून १२ बैठकांत ती चिनी ध्वनी ओळखायला लागली. तेच पडद्यावरून ऐकवलं तेव्हा काहीच फरक पडला नाही. तेव्हा मांडीवर घेऊन बडबडगीतं म्हणा.

एडिसनची आजी
अगं, आपलंही तसंच आहे. लिहायचं 'पेन' आणि दुखण्याचं 'पेन' माझ्या नातवाला साफ वेगळे ऐकू येतात. मला तीस वर्षांनंतरही पुढच्या-मागच्या शब्दांवरूनच कळतं. जावयाला दमानं घे.

कानसेन
मोठेपणीही कान सुधारतो, पण ऐकताना काय शोधायचं हे आधी ठरवावं लागतं. इंग्रजी भाषकांना हिंदी व्यंजनं शिकवताना एका गटाला अर्थाकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं, दुसऱ्याला आवाजाकडे. शब्द तेच होते, तरी त-ट आवाजवाल्यांना जास्त कळू लागले. परवा तुम्ही वात मागितलीत तेव्हा ते अर्थ शोधत होते. थोडा वेळ अर्थ बाजूला ठेवा, नुसतं 'ता-टा' म्हणा. आणि आवाज एकट्या तुमचाच नको. जपानी लोकांना इंग्रजी र-ल शिकवताना अनेकांचे आवाज वापरले, तेव्हा अनोळखी आवाजातलाही फरक त्यांना पकडता आला.

लीड्सकर
सगळ्यांचे खूप आभार. आई, मावशी आणि भाऊ, तिघांकडून ध्वनिमुद्रणं मागवली. काल रात्री तो डोळे मिटून, स्वतःची जीभ दातांवर टेकवत, मागे वळवत ऐकत होता. दहापैकी सात. मावशीचा 'ट' तर त्याने एकदाही चुकवला नाही.