डबल ड्रॅगन बनवणारी टेक्नोस कंपनी पुढं कुठं गेली?

पेठेतला_बंड्या:
मंडळी, दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर जुना टीव्ही गेम घावला, सोबत चार पिवळ्या कॅसेटी. फुंकर मारमारून एक चालली एकदाची, डबल ड्रॅगन. स्क्रीनवर खाली टेक्नोस जपान असं काहीतरी येतंय, लहानपणी कवा लक्षच गेलं नव्हतं. ही कंपनी कुठली, आता काय करती? आणि दोघांना एकदम खेळता येईना, कॅसेट डुप्लिकेट हाय म्हणून काय?

रंकाळ्यावरचा_वारा:
भावा कॅसेटची चूक न्हाई. १९८७ चा दुकानातल्या मोठ्या मशीनवरचा गेम होता त्यात दोघं भाऊ बरोबर मारत जायचे आणि शेवटी दोघं जगले तर त्या मारियन नावाच्या हिरॉईनसाठी एकमेकांनाच धरायचे (भाऊबंदकी जपानातबी हाय). १९८८ ला घरच्या मशीनवर आणताना ते काढलं, एक मेला की दुसऱ्याचा नंबर.

कंपनी टोकियोची, १९८१ ची. डेटा ईस्ट नावाच्या गेम कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी काढली, आणि १९८४ चा कराटे चॅम्प हा गेम परत डेटा ईस्टलाच बनवून दिला. मग १९८६ ला टेक्नोसमधल्या योशिहिसा किशिमोतोनं कुनिओ-कुन हा मारामारीचा गेम केला. हा बाबा स्वतः शाळेत मारामाऱ्या करणारा, तेच गेममध्ये घातलं, आणि हिरोला नाव दिलं कंपनीच्या मालकाचं, कुनिओ ताकी! आपल्याकडं साहेबाचं नाव असल्या पोराला दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी. तोच गेम अमेरिकेत रेनेगेड म्हणून गेला, शाळेची पोरं काढून रस्त्यावरचे गुंड घातले. डबल ड्रॅगन त्याच्याच पुढचा. मोठ्या मशीनवर गुंडांकडं पाठ फिरवून नुसतं कोपर मारत राहायचं, निम्मा गेम तिथंच संपतोय.

तालमीचा_गोलकीपर:
बाकीच्या तीन कॅसेटीत गोल ३ हाय का बघ आधी. तो फुटबॉलबी टेक्नोसचाच, १९९३ चा, खरं नाव कुनिओ-कुनची सॉकर लीग, आपल्याकडच्या कॅसेटीवर नाव बदललेलं म्हणून कुणाला पत्ताच न्हाई. म्हणजे मारामारीवाला कुनिओच फुटबॉल खेळतोय, फाऊल नावाची भानगड न्हाई, आडवा आला की पाडायचा, वरनं पाऊस आणि वादळ. आमच्या गल्लीत शाहू स्टेडियमची मॅच बघून आलं की शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ अशा टीम पाडून हाच लावायचो, एकदा हरलेल्यानं रिमोटची वायरच ओढून तोडली, आईनं महिनाभर मशीन कपाटात.

कळंब्याची_ताई:
आता काय करती विचारलंत त्याचं उत्तर कुणीच दिलं न्हाई 😄 कंपनी १९९६ मध्ये बुडाली. शेवटी शेवटी निओ जिओ नावाच्या गेम मशीनवर समोरासमोर मारामारीचे गेम काढत होते, डबल ड्रॅगनचासुद्धा तसाच काढला, पण १९९१ ला स्ट्रीट फायटर २ आल्यावर तसले गेम ढिगानं होते, माझ्या मते तिथंच फसले. नंतर नावं आणि हक्क मिलियन नावाच्या कंपनीकडं, २०१५ पासून आर्क सिस्टम वर्क्सकडं. कुनिओ अजून जिवंत आहे तो त्यांच्यामुळं.

पेठेतला_बंड्या:
गोल ३ निघाली!! लागली पण. पोरगं विचारतंय रेफ्री कुठाय. दुसरा रिमोट चालंना खरं, कुणाकडं पडून असंल तर सांगा, मी येऊन नेतो.