ताराराणींची १७०० ते १७०७ ही सात वर्षं

वाचनवेडी: लेकीला ताराराणींवर पाच मिनिटं बोलायचंय, सातवीत आहे. घरातली पुस्तकं काढली तर जिकडेतिकडे शाहू महाराजांशी झालेलं भांडण. पण मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा ही बाई पंचविशीची, पोरगा शिवाजी चार वर्षांचाही नव्हता. तिथून औरंगजेब मरेपर्यंत त्यांनी नेमकं केलं काय? 'शूर होत्या' एवढंच नकोय मला.

गडकरी_७: गडांपासून सुरुवात करा ताई. एप्रिल १७०० मध्ये सातारा पडला, १७०१ ला पन्हाळा, १७०२ ला विशाळगड, १७०३ ला सिंहगड. नुसती यादी वाचली तर सगळं संपलं असंच वाटतं. पण यातले बरेच गड तलवारीने गेलेच नाहीत! महिनोन्महिने किल्ला झुंजवायचा, पावसाळा तोंडावर आला की बादशहाकडून रक्कम घ्यायची आणि शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, सुखरूप खाली उतरवायची. मोगल फौज हलली की संधी साधून गड परत घ्यायचा. विशाळगडाहून परतताना ऐन पावसात त्या फौजेचे अतोनात हाल झाले. तोरणा मात्र १७०४ मध्ये मोगलांनी खरोखर चढून घेतला, तेही मुलीला सांगा. आणि म्हातारा औरंगजेब सह्याद्रीत अडकलेला असताना मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरत होत्या. खाफीखान मोगलांकडचा लेखक, पण बाईंच्या कारभाराची आणि फौजेच्या व्यवस्थेची त्यानेही वाखाणणी केली आहे.

सई_म: मला त्यांचं पहिलं पाऊलच मोठं वाटतं. सवत अंबिकाबाई सती गेल्या. ह्यांनी मुलाला गादीवर बसवलं आणि शिक्का त्याचा, हुकूम आपला असा कारभार हाती घेतला. तोही सरळपणे मिळाला नाही. दुसरी सवत राजसबाई, त्यांचाही मुलगा होता, नाव संभाजीच; थोरल्या संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेत होते आणि गादीवर शाहूंचाच हक्क मानणारी माणसं होती. हंबीरराव मोहित्यांची लेक ही. वडील वाईच्या लढाईत पडले तेव्हा जेमतेम बारा वर्षांची असेल.

वाचनवेडी: दोघांचे मनापासून आभार. लेकीने विशाळगडाचा पाऊस पकडलाय, भाषण तिथूनच सुरू होणार. १७१४ ची कैद सांगायची का? तिला फार वाईट वाटलं वाचून.

गडकरी_७: सांगू दे की. ज्या पन्हाळ्यावरून राज्य चालवलं, तिथेच राजसबाईंच्या पक्षाने त्यांना मुलासकट कोंडलं. वाईट वाटण्यासारखंच आहे ते.