मदत हवी आहे : तीव्र उतारावरची घाणेरी कशी काढावी?

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या म्हसरूळच्या चामरलेणी डोंगरावर आम्ही काही जण रविवारी सकाळी देशी झाडं जगवायचं काम करतो, वनखात्याला विचारूनच.

एका बाजूला घाणेरीने (लँटाना, बाहेरून आलेलं झुडूप) रान धरलंय. नुसती कोयत्याने छाटली तर पावसात दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखाली खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथेच, बोटभर खाली घाव घातला आणि झुडूप उलटं करून ठेवलं, की सहसा परत फुटत नाही. सपाटीला हे छान जमतं. उतारावर मात्र टिकाव लावला की माती मोकळी होते आणि वळवाच्या पहिल्या सरीत खाली येते. आडवे पट्टे सोडत काढावी का? काढलेल्या फांद्यांचेच बांध घातले तर माती अडते, की वणव्याला आयतं जळण मिळतं?

दुसरं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हेही बाहेरून आलेलं झाड). तोडलं तरी खुंटातून फुटतंच. पण त्याच्या सावलीत कुडा नि मेढशिंगी या देशी झाडांची रोपं आपोआप आली आहेत; सावली एकदम गेली तर चैत्र-वैशाखात ती टिकतील का?

पवन्या आणि मारवेल गवताचं स्थानिक बी कुणाकडे असेल तर तेही हवंय. (वड-पिंपळ आणि गुलमोहराची रोपं नकोत, प्लीज. लोक प्रेमाने आणतात, नाही म्हणताना जीव जातो.)

ज्यांनी स्वतः उतारावर काम केलंय त्यांनी मृगाच्या आधी सांगितलं तर बरं.