नोकरीसाठी स्वतःच्या खिशातून घेतलेली हत्यारं आणि टॅक्स – तुमचे अनुभव लिहा

माझा धाकटा भाऊ चाकण भागात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशिनचा सर्व्हिस इंजिनिअर आहे. पगारदार. कंपनी बॅग आणि बूट देते. डायल गेज, व्हर्नियर, चांगला मल्टिमीटर, अॅलन कीचा सेट हे सगळं त्याचं स्वतःचं. मशिनच्या बेडवर डायल लावून, काटा शून्यावर आणून स्पिंडल (मशिनचा फिरणारा दांडा) हाताने फिरवायचा आणि काटा किती हलतो ते बघायचं, हे त्याचं रोजचं काम. स्वस्तातल्या डायलचा काटा अडकतो, मग अर्धा दिवस वाया. म्हणून तो पदरचे पैसे घालून चांगलं घेतो.

गेल्या जुलैत त्याचं रिटर्न भरायला बसले, तर त्याने फॉर्म १६ सोबत बिलांची पिशवीच आणून ठेवली. "ताई, यातलं किती वजा होईल?" सगळी मिळून साडेएकोणीस हजार. सांगताना जीवावर आलं, पण आपल्याकडे पगारातून यातला एक रुपयाही वजा होत नाही. सगळ्यांना सरसकट प्रमाणित वजावट मिळते, नव्या करप्रणालीत ७५,००० आणि जुन्यात ५०,०००. तुम्ही हत्यारं घ्या नाहीतर पेन्सिलही घेऊ नका, आकडा तोच. हेच काम त्याने स्वतःचा धंदा म्हणून केलं असतं तर याच वस्तूंवर घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी किमतीच्या काही भागाची वजावट, मिळाला असता. मला हे पटत नाही. तुमच्याकडे काय होतं? परदेशातल्यांनीही लिहा.

नाशिक, निवृत्त, पेरोलमध्ये २६ वर्षं
ताई, नियम तुम्ही बरोबर सांगितलात, पण वाट रिटर्नमध्ये शोधू नका, खरेदीच्या आधी शोधा. बिल कंपनीच्या नावावर झालं पाहिजे. वस्तू कंपनीची आणि वापर कामासाठी, मग ती भावाच्या पगारात धरली जाणार नाही. लॅपटॉप-कॉम्प्युटरचं तर नियमातच स्पष्ट आहे, कंपनीने वापरायला दिला तर त्यावर कर नाही. स्वतः घेऊन कंपनीच्या कामाचा खर्च म्हणून बिलावर पैसे परत मिळाले तरी चालतं. मात्र 'टूल अलाउन्स' म्हणून दरमहा ठराविक रक्कम पगारात आली, तर नव्या प्रणालीत ती पगारच समजा. आमच्याकडे पोरं खूश व्हायची, भत्ता वाढला म्हणून. मार्चमध्ये टीडीएस कापला की माझ्या टेबलाशी रांग लागायची.

कोव्हेंट्री (इंग्लंड), गॅरेज मेकॅनिक, मूळ इचलकरंजी
इथे गॅरेजमध्ये हत्यारं मेकॅनिकचीच असतात. दर आठवड्याला टूलवाल्याची व्हॅन येते, आत भिंतभर सॉकेट आणि रेंच टांगलेले. आपण घ्यायचं आणि हप्त्याहप्त्याने फेडायचं. मी पहिल्या दोन वर्षांत जवळजवळ १,६०० पौंडांची हत्यारं घेतली आणि टॅक्समध्ये काही मिळतं हे मला कुणी सांगितलंच नाही. तिसऱ्या वर्षी चहाच्या सुट्टीत एका जुन्या मेकॅनिकने विचारलं, "पी-८७ भरलास का?" म्हणजे नोकरीसाठी केलेल्या खर्चावरचा टॅक्स परत मागायचा फॉर्म.

आमच्या कामाला वर्षाला १२० पौंडांची ठराविक वजावट आहे, पावती लागत नाही. आता १२० पौंड हातात येतात असं समजू नका. २० टक्के टॅक्स भरणाऱ्याला त्याचे २४ पौंड सुटतात. पण खरा खर्च जास्त असेल आणि पावत्या असतील तर खऱ्या खर्चावर मागता येतं. १,६०० चे ३२० पौंड होतात. शिवाय मागची ४ वर्षंही धरता येतात.

आणि इथे माझं चुकलं. जाहिरात बघून मी एका एजंट कंपनीकडून फॉर्म भरून घेतला. जे पैसे आले त्यातले निम्म्याच्या आसपास त्यांनीच ठेवले. सही करताना मी बारीक अक्षरं वाचली नव्हती. मुलांनो, तो फॉर्म स्वतः भरा, फार अवघड नाही. व्हॅनवाल्याची पावती उन्हात पांढरी पडते, त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

लीड्स, नर्स
आम्हाला १२५ पौंड, म्हणजे हातात २५. दादांनी सांगितलेली ४ वर्षांची गोष्ट माहीत नव्हती, आजच बघते.

श्टुटगार्ट, सॉफ्टवेअर
जर्मनीत प्रत्येक पगारदाराला १,२३० युरो आपोआप वजा मिळतात. कामाचा खर्च त्याच्या वर गेला तरच बिलं दाखवण्यात अर्थ. माझं असं झालं: घरून कामाचे दिवसाला ६ युरो, १३० दिवसांचे ७८०. लॅपटॉप १,५०० चा, ८० टक्के वापर कामाचा, म्हणून १,२००. कॉम्प्युटरची किंमत २०२१ पासून एकाच वर्षात पूर्ण दाखवता येते. बेरीज १,९८०, म्हणजे ७५० युरोंवरचा टॅक्स वाचला. खुर्ची, टेबल, लॅपटॉप एकाच वर्षात घ्या. दरवर्षी थोडंथोडं घेतलं तर सगळं त्या १,२३० च्या आतच राहतं.

डॅलस, शाळेत शिक्षिका
अमेरिकेत नोकरदारांची ही वजावट २०१८ पासून बंद झाली. आम्हा शिक्षकांना तेवढी २०२५ पर्यंत ३०० डॉलरची वजावट होती. माझे रंग, कागद आणि मुलांची पुस्तकं यातच ती ऑक्टोबरपर्यंत संपायची.

चिंचवड, धागा काढणारी
नाशिकच्या काकांचं लिहिलेलं भावाला वाचून दाखवलं. त्याने साहेबांशी बोलून पुढच्या डायल गेजचं कोटेशन कंपनीच्या नावाने मागवलंय. साहेब हो म्हणाले, पण नोकरी सोडताना ते जमा करावं लागेल. त्यावर तो दोन दिवस गप्प होता. काल म्हणाला, नवीन कंपनीचं घेतो, पण जुनं डायल पेटीतच राहील, माझा हात त्याच्यावर बसलाय.