श्रीलंकेत डचांचं चर्च एवढं आटलं कसं?

गलबत: कोलंबोच्या वोल्वेंडाल चर्चबद्दल वाचत होतो, १७५७ साली खुलं झालेलं, फरशीत डच लोकांच्या थडग्यांचे दगड बसवलेत. डचांनी जवळजवळ दीडशे वर्षं किनारपट्टीवर राज्य केलं, कॅथलिकांवर बंदी घातली, तरी आज तिथले बहुतेक ख्रिश्चन कॅथलिकच. हे उलटं कसं काय झालं?

शंखशिंपले: बंदी साधीसुधी नव्हती, १६५८ मध्ये जाफना घेतल्यावर डचांनी कॅथलिक पाद्र्याला आसरा देणाऱ्याला थेट देहदंड असा फतवा काढला. पण लोकांना चर्चमध्ये आणलं कशाने, तर लग्नाची नोंद, वारसा, सरकारी नोकरी सगळं डचांच्या रिफॉर्म्ड, म्हणजे प्रोटेस्टंट, चर्चच्या बाप्तिस्म्याला जोडून. मग लोक रजिस्टरात नाव घालून यायचे आणि घरी जपमाळ चालूच! अशी माणसं कागदावर राहतात हो, ब्रिटिश आले आणि सक्ती गेली की कागदही गेला.

आडवाट: त्यात जोसेफ वाझना विसरू नका. गोव्याचे पाद्री, १६८७ मध्ये वेष बदलून जाफन्यात उतरले. डचांच्या ताब्याबाहेरच्या कँडी राज्यात गेले तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून तुरुंगात, पण नंतर तिथल्याच बौद्ध राजाने, दुसऱ्या विमलधर्मसूर्याने, मोकळीक दिली. १६९७ ला कँडीत देवीची साथ आली तेव्हा बाकीचे पळाले आणि हे रोग्यांची सेवा करत राहिले, मग राजाची मर्जी बसणारच ना. मागून आलेले गोव्याचेच पाद्री जाकोम गोन्साल्विस तर सिंहली आणि तमिळमध्ये पुस्तकं लिहीत बसले. युरोपातून पाद्री येण्याची वाट बघावी लागली नाही, हा माझ्या मते खरा मुद्दा. वाझना २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी कोलंबोत संत घोषित केलं.

गलबत: म्हणजे कॅथलिकांना बौद्ध राजाने वाचवलं, भारीच. पण डच चर्चचं आता काय?

शंखशिंपले: आहे की, ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च नावाने, लहानसंच. १९५६ च्या सिंहली भाषा कायद्यानंतर डच वंशाचे बर्गर लोक मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला गेले, त्यांच्याबरोबर चर्चची बरीचशी मंडळीही गेली. वोल्वेंडालला मात्र अजून उपासना होते.